स्वदेशी संगणकाचे सूत कोण कातणार?

वर्धा जिल्ह्यातील जामच्या परिसराचा कापूस बाहेर जावा आणि कापड होऊन चढ्या भावाने परत यावा, हे दुखणे जुनेच. संगणकक्षेत्रात आज बुद्धीचे तेच होत आहे. २०१४ साली विंडोज एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. मूळ आज्ञावली बंदिस्त, म्हणून आपले हात बांधलेले! सी-डॅकने २००७ साली आणलेल्या ‘बॉस’ लिनक्सची आज्ञावली खुली आहे; पण तिचा पाया डेबियन या जागतिक स्वयंसेवी प्रकल्पाचा. तिकडची प्रत्येक दुरुस्ती तपासून, मूळ आज्ञावलीतून प्रणाली पुन्हा घडविणारे मनुष्यबळ येथे नसेल, तर हे स्वातंत्र्य कागदीच ठरेल. घोषणेने स्वदेशी येत नाही; चरखा रोज फिरवावा लागतो. अभियंता तरुणांनो, हे व्रत घ्या!