व्याख्येआधी जीव दाखवा

चेन्नईत एग्मोरच्या शासकीय संग्रहालयात शिरलेल्या मुलांचे डोळे देवमाशाच्या सांगाड्यावर खिळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. जीवशास्त्राच्या शिक्षकाने मात्र त्यांना पुढे प्रवाळांपाशीही थांबवायला हवे. अलैंगिक प्रजननाचा निम्मा धडा तिथेच शिकवून होतो.

प्रवाळाची वसाहत एका पॉलिपपासून कलिकायनाने वाढत जाते. लाटांनी तिची फांदी मोडली आणि तुकडा योग्य जागी चिकटला, की खंडीभवनाने नवी वसाहत उभी राहते. याच गुणाच्या बळावर मन्नारच्या आखातात तुकडे लावून प्रवाळांचे पुनर्रोपण केले जाते. त्या आखातातल्या क्रुसडाई बेटाच्या किनारी प्राण्यांवर याच संग्रहालयाने १९२७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला होता.

वर्गात मात्र द्विविभाजन म्हणजे अमिबा, कलिकायन म्हणजे जलव्याल आणि शाकीय प्रजनन म्हणजे पानफुटी, एवढ्यावर धडा संपतो. प्रकार पाठ होतात, कारणे राहून जातात.

कारण शोधायला मुंबईची तळी पाहावीत. हेन्री जॉन कार्टर या डॉक्टरांनी १८४० च्या दशकात तिथल्या गोड्या पाण्यातील स्पंजांचा अभ्यास केला आणि त्यांच्या बीजासारख्या गोळ्यांचे वर्णन लिहून ठेवले. या गोळ्या म्हणजे जेम्यूल. उन्हाळ्यात तळे आटते, स्पंज मरतो. टणक आवरणातल्या पेशी मात्र तग धरतात आणि पाऊस आला की त्यांतून नवा स्पंज वाढतो. हिवतापाचा प्लाझ्मोडियम याच्या उलट वागतो. यकृताच्या पेशीत पोषण मुबलक मिळते, तेव्हा तो बहुविभाजनाने एकाचे हजारो होतो. परिस्थिती बदलली की पद्धत बदलते.

अलैंगिक प्रजननाच्या या सोयीची किंमतही मुलांना कळायला हवी. जळगावच्या शेतकऱ्याला मुनव्यांपासून किंवा ऊतीसंवर्धित रोपांपासून एकसारखी केळी मिळते. पण एकसारख्या बागेत एक झाड ज्या रोगाला बळी पडते, त्याला सगळीच पडू शकतात. ग्रोस मिशेल ही जगाच्या बाजारातली प्रमुख केळी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पनामा मर रोगाने मागे हटली, ती अशीच.

यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. साखरेच्या कोमट पाण्यात यीस्ट भिजवून तासा-दोन तासांनी थेंबभर काचपट्टीवर घेतले, तर सूक्ष्मदर्शकाखाली कलिका दिसतात. ओल्या मातीवर ठेवलेल्या पानफुटीच्या पानाला काही दिवसांत कडेने रोपे फुटतात. शिक्षकांनी येत्या सत्रात व्याख्या लिहून देण्याआधी हे दोन प्रयोग करावेत आणि चाचणीत ‘प्रकार सांगा’ याबरोबर ‘या जीवाला हीच पद्धत का सोयीची?’ हा प्रश्नही विचारावा.