जगाचे मत आणि वजिराची एक खेळी

मे २०२५ मध्ये माजी विश्वविजेता मॅग्नस कार्लसनला सुमारे १ लाख ४३ हजार लोकांनी मिळून बरोबरीत रोखले, तेव्हा जाणकारांना गॅरी कास्पारोव्हचा १९९९ मधील डाव आठवणे साहजिक होते. स्वरूप तेच. पत्राद्वारे खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाप्रमाणे प्रत्येक खेळीसाठी २४ तास आणि समोर इंटरनेटवरून मतदान करणारे 'जग'. निकाल मात्र वेगळा लागला. त्याचे मूळ डावाच्या प्रारंभात शोधावे लागते.

२१ जून १९९९ रोजी सुरू झालेल्या त्या डावात ७५ हून अधिक देशांतील ५० हजारांवर लोक सहभागी होते. जगाने सिसिलियन बचाव स्वीकारला. कास्पारोव्हने तिसऱ्याच खेळीत उंटाने शह देऊन रुळलेल्या वाटा टाळल्या. हा प्रकार तसा संथच मानला जातो. दहाव्या खेळीला मात्र सल्लागारांपैकी पंधरा वर्षांच्या आयरिना क्रश हिने वजीर ई-६ घरात नेण्याचा नवाच मार्ग सुचविला. त्यातून एकाच वेळी दोन प्याद्यांवर हल्ला होत होता. किंमत म्हणून हत्ती जाणार होता आणि राजा मध्यभागी उघडा पडणार होता. मोबदला, घोडा आणि दोन प्यादी! बहुमत सावध असते हा समज येथे खोटा ठरला. क्रशचे सविस्तर विश्लेषण लोकांना पटले होते.

धोका पत्करलेल्या डावाला मार्गदर्शक लागतो. पन्नासाव्या खेळीपर्यंत जग क्रशच्या सल्ल्याने चालले. ५१ व्या खेळीला तिचा सल्ला डावलला गेला, मतदानात गैरप्रकार झाल्याचा संशयही व्यक्त झाला. ५८ व्या वेळी तर तिचे विश्लेषण वेळेत पोहोचलेच नाही. २२ ऑक्टोबर रोजी, कास्पारोव्हच्या ६२ व्या खेळीनंतर, जगाने हार मानली. इतके श्रम आपण दुसऱ्या कोणत्याही डावासाठी घेतले नव्हते, असे कास्पारोव्हने पुढे सांगितले.

कार्लसनचा डाव 'फ्रीस्टाइल' पद्धतीचा होता. मागच्या रांगेतील मोहऱ्यांची मांडणीच बदललेली असल्याने पाठ केलेले प्रारंभ निरुपयोगी. जगाने साहस टाळले, भक्कम खेळ केला आणि ३२ व्या खेळीला सततच्या शहाने बरोबरी साधली. खिशातील फोन आज विश्वविजेत्याहून सरस खेळतो, तेव्हा यातली किती मते माणसांची, अशी शंका येणारच. परंतु केवळ यंत्राला श्रेय देता येत नाही. त्याआधी २०२४ मध्ये विश्वनाथन आनंदने अशाच डावात सुमारे ७० हजार लोकांना हरविले होते.