एहतियात म्हणजे भित्रेपणा नव्हे

ब्रिज खेळणाऱ्या मंडळींत एक वाक्य नेहमी ऐकू येतं : "सेफ खेळायला काय अक्कल लागते?" मला हे मुळीच पटत नाही. सुरक्षित चाल शोधायला धाडसी चालीपेक्षा जास्त डोकं लागतं. आणि ती सापडली तरी खेळवत नाही, कारण समोर फुकटचा एक जादा हात खुणावत असतो.

एक नेहमीचं उदाहरण घ्या. तुम्ही सहा इस्पिक बोललात, म्हणजे तेरापैकी बारा हात करायचे. बाकी तिन्ही रंगांत तुमचा एकही हात जात नाही. हुकमाचा मात्र प्रश्न आहे. तुमच्या हातात इस्पिकचा एक्का, दश्शी, पंजी, चव्वी, तिर्री. समोर डमीत राजा, नव्वी, सत्ती, दुर्री. राणी, गुलाम, अठ्ठी आणि छक्की विरोधकांकडे. एक हात गेला तर चालेल, दोन गेले की स्लॅम बुडाला.

बहुतेक जण एक्का आपटतात, मग राजा. चार पानं दोन-दोन वाटली गेली असतील तर राणी-गुलाम दोन्ही पडतात आणि तेरा हात होतात. तीन-एक असली तरी एकच हात जातो. पण चारही पानं पूर्वेकडे असली तर? एक्का खेळून झालेला, आता दोन हात जाणारच. राजा आधी खेळलात तर हाच धोका पश्चिमेकडून.

सुरक्षित चाल वेगळी आहे. हातातून तिर्री खेळा. पश्चिमेने लहान पान टाकलं तर डमीतून नव्वी लावा. पूर्वेने ती मारली तर मारू द्या. दोघांनीही इस्पिक दिलं, म्हणजे बाहेर दोनच पानं उरली, ती एक्का-राजा गोळा करतील. पूर्वेकडे इस्पिकच नसेल तर नव्वीच हात घेते. पश्चिमेने राणी किंवा गुलाम टाकला तर राजाने मारा. आणि पश्चिमेकडेच इस्पिक नसेल तर राजा लावून डमीतून दुर्री खेळा : पूर्वेने अठ्ठी टाकली तर दश्शी, चित्र टाकलं तर एक्का. कशीही वाटणी असो, एकापेक्षा जास्त हात जात नाही.

आता हिशेब. दोन-दोन वाटणी साधारण 40.7 टक्के वेळा होते, चार-शून्य 9.6 टक्के, म्हणजे ठरावीक एका बाजूला चारही पानं शंभरात जेमतेम पाच वेळा. व्हल्नरेबल असताना सहा इस्पिकचे 1430 गुण मिळतात, एक हात कमी पडला तर उलट 100 जातात. जादा हाताचे फक्त 30. शंभर डावांत सुरक्षित चालीने चाळीसेक वेळा 30 सोडले तर 1200 गेले. एक्का आपटून पाच वेळा 1530 चा फरक पडला तर साडेसात हजारांवर. हातचं सोडून पळत्यापाठी म्हणतात ते हेच.

उर्दूत याला एहतियात म्हणतात. हा शब्द आणि अहाता, म्हणजे कुंपण, एकाच अरबी धातूचे. कुंपण घालणाऱ्याला भित्रा कोण म्हणतं? पण आमच्याकडे पत्त्यांचं नाव काढलं की कुंपण भलतीकडेच पडतं, पत्ते म्हणजे जुगार! पैसे लावून खेळणं वाईटच, त्यावर माझा वाद नाही. पण ब्रिजला पैसा लागत नाही. 2018 च्या जकार्ता आशियाई खेळांत प्रणब बर्धन आणि शिवनाथ सरकार यांनी याच खेळात भारताला सुवर्ण मिळवून दिलं, आणि दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात बावन्न पानं असतातच. मुलं गणित सोडवतात, पान हातात धरत नाहीत, एवढंच.

मात्र ही चाल सगळीकडे शहाणपणाची नाही. जोड्यांच्या स्पर्धेत तोच डाव इतर टेबलांवरही खेळला जातो आणि किती गुणांनी नव्हे, किती जोड्यांना मागे टाकलं ते मोजतात. सगळेच सहा इस्पिकमध्ये असतील तर तो 30 चा जादा हात चाळीस वेळा कामी येतो, पाच वेळा अंगाशी. तिथे नव्वी लावणारा हिशेबात कच्चा ठरतो. पण स्लॅमपर्यंत पोहोचायलाच कठीण होतं, बरेच जण चारवर थांबले असणार असं वाटलं, तर बारा हातांतच चांगले गुण पदरात पडलेले असतात. मग पुन्हा तिर्री काढा.