थँक्सगिव्हिंगची टर्की आता बाहेरून शिजून येते, पण मग सुट्टी नक्की कोणाला मिळते?

अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार म्हणजे थँक्सगिव्हिंग. सगळं कुटुंब एकत्र, टीव्हीवर फुटबॉल आणि टेबलाच्या मधोमध भाजलेली अख्खी टर्की. हॉलिवूडच्या सिनेमांत हे दृश्य आपण शंभर वेळा पाहिलेलं असतं.

पण त्या टेबलावरची टर्की त्याच घरात शिजली असेल, असं आता खात्रीनं सांगता येत नाही. ऑक्टोबर संपत आला की अमेरिकेतली सुपरमार्केट्स आणि रेस्टॉरंट्स 'तयार टर्की'च्या ऑर्डर घ्यायला लागतात. ऑनलाइन पैसे भरायचे, बुधवारी जाऊन खोकं उचलायचं आणि गुरुवारी गरम करून वाढायचं. होल फूड्ससारखी दुकानं यात आहेत, क्रॅकर बॅरलसारखी रेस्टॉरंट्स आहेत. फ्राइड चिकनसाठी प्रसिद्ध असलेली पॉपाइजसुद्धा आधीच शिजवलेली अख्खी टर्की विकते.

आता यातली गंमत बघा. अमेरिकन फार्म ब्युरो फेडरेशन ही शेतकऱ्यांची संघटना १९८६ पासून दरवर्षी थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा खर्च काढते. २०२५ साली १० जणांच्या जेवणाच्या सामानाला सरासरी ५५.१८ डॉलर लागले. त्यातली १६ पाउंडांची, म्हणजे सव्वासात किलोची गोठवलेली टर्की होती २१.५० डॉलरची. याउलट आठ-दहा जणांचं शिजवलेलं जेवण बऱ्याच ठिकाणी शंभर डॉलरच्या पुढे जातं.

मग लोक इतके जास्तीचे पैसे का मोजतात? आणि घरातलं हे काम बाहेर गेलं, तर ते नक्की कोणाच्या वाट्याला येतं?

टर्की शिजवणं एवढं अवघड का आहे?

पहिली अडचण आकाराची. कोंबडी दीड-दोन किलोची असते, सणाची टर्की सहज सात किलोची. बहुतेक लोक ती गोठवलेली आणतात. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला असा, की फ्रिजमध्ये ठेवून बर्फ सुटू द्यायचा असेल तर दर ४ ते ५ पाउंडांना २४ तास धरा. म्हणजे १६ पाउंडांच्या टर्कीला जवळपास चार दिवस. गुरुवारच्या जेवणाची तयारी रविवारीच सुरू होते. ज्यांच्या हे बुधवारी रात्री लक्षात येतं, त्यांची झोप उडते.

दुसरी अडचण पक्ष्याच्या शरीराची. छातीचं मांस लवकर शिजतं, मांडीचं उशिरा. मांडी शिजेपर्यंत थांबलं तर छाती कोरडी पडते आणि छाती मऊ असताना काढलं तर मांडी कच्ची राहते. आतलं तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोचलं की टर्की खायला सुरक्षित. एवढ्या मोठ्या टर्कीला मध्यम आचेच्या ओव्हनमध्ये सुमारे चार तास लागतात.

तिसरी अडचण ओव्हनची. बहुतेक घरांत तो एकच असतो. चार तास त्यात टर्की असेल, तर पाय, पाव, भाजलेल्या भाज्या कुठे करायच्या?

बटरबॉल या टर्की विकणाऱ्या कंपनीनं १९८१ मध्ये खास मदतीची फोनलाइन सुरू केली, ती याच गोंधळामुळे. पहिल्या वर्षी सहा गृहविज्ञान तज्ज्ञांनी सुमारे ११ हजार फोन घेतले. आता दर मोसमात एक लाखाहून अधिक प्रश्न येतात.

चूक झाली तर फक्त जेवण बिघडतं असंही नाही. आगीपासून सुरक्षेवर काम करणाऱ्या एनएफपीए या अमेरिकी संस्थेच्या आकडेवारीनुसार स्वयंपाकामुळे घरांना आगी लागण्याचं प्रमाण वर्षात सर्वाधिक असतं ते थँक्सगिव्हिंगलाच. एरवीच्या सरासरी दिवसाच्या तिपटीहून जास्त. अंगणात मोठ्या पातेल्यात तेल तापवून अख्खी टर्की तळायची हौसही अनेकांना असते. आतला बर्फ पूर्ण सुटलेला नसेल तर त्याची क्षणात वाफ होते, उकळतं तेल उसळून बाहेर येतं आणि खालच्या ज्योतीवर पडतं. पुढचं सांगायला नको.

कच्ची टर्की इतकी स्वस्त कशी?

खरं तर ती महाग व्हायला हवी. २०२२ च्या फेब्रुवारीत इंडियाना राज्यातल्या टर्की फार्ममध्ये बर्ड फ्लू सापडला आणि तेव्हापासून तो अमेरिकेतल्या पोल्ट्रीला छळतो आहे. २०२५ मध्ये देशात सुमारे १९.५ कोटी टर्की वाढवल्या गेल्या. गेल्या ४० वर्षांतला हा सर्वांत कमी आकडा. घाऊक बाजारात भाव २०२४ पेक्षा चढे होते. तरीही दुकानातली टर्की आदल्या वर्षीपेक्षा १६ टक्क्यांनी स्वस्त झाली.

याचं उत्तर दुकानदारीत आहे. गिऱ्हाईक टर्कीसाठी एकदा दुकानात शिरलं की बटाटे, लोणी, क्रॅनबेरी, पाय आणि पेयंही तिथूनच घेतं. म्हणून मोठी दुकानं टर्की अगदी कमी नफ्यात, कधी तोट्यातही विकतात. टर्की हे आमिष, कमाई बाकीच्या पिशवीत.

शिजवलेल्या टर्कीत हे गणित चालत नाही. तिथे भटारखाना लागतो, माणसं लागतात, शीतगृह लागतं, पॅकिंग लागतं. ५५ डॉलरच्या हिशोबात फक्त सामान धरलेलं आहे. चार दिवस फ्रिजमध्ये जागा करणारी, पहाटे उठून ओव्हन लावणारी आणि पाहुणे गेल्यावर भांडी घासणारी व्यक्ती त्यात शून्य डॉलरला धरलीय. अमेरिकेच्या सरकारी पाहण्यांत स्वयंपाकाचं काम पुरुषांपेक्षा बायकाच जास्त करताना दिसतात, त्यामुळे ती व्यक्ती बहुतेक घरांत कोण असते हे वेगळं सांगायची गरज नाही. तयार जेवणाचं बिल पहिल्यांदा या कामाची किंमत दाखवतं. म्हणूनच ते महाग वाटतं.

'तयार' म्हणजे गरम?

इथेच अनेकांची फसगत होते. तयार टर्की साधारण तीन प्रकारांनी मिळते. काही शिजवून पुन्हा गोठवलेल्या असतात. त्यांचाही बर्फ सुटायला दिवस लागतात. काही शिजवून फ्रिजमध्ये गार केलेल्या असतात. त्या ओव्हनमध्ये पुन्हा ७४ अंशांपर्यंत गरम कराव्या लागतात आणि त्यातही तास-दोन तास सहज जातात. तिसरा प्रकार गरमागरम टर्कीचा. ती त्याच दिवशी उचलायची आणि लगेच खायची.

शिजवलेलं मांस बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहू देऊ नका, असं कृषी खातं सांगतं. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूमुळे होणाऱ्या विषबाधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये वाढतात, असं अमेरिकेची आरोग्य संस्था सीडीसी सांगते. मोठ्या प्रमाणावर शिजवून तासन् तास कोमट ठेवलेली टर्की हे त्याचं एक ठरलेलं कारण. सकाळी अकराला गरम टर्की आणून दुपारी चारला जेवायला बसणारं घर नेमका हाच धोका पत्करतं. इतका वेळ जाणार असेल तर मांस कापून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि जेवायच्या आधी पुन्हा गरम करायचं, हा सोपा उपाय.

ही नव्या पिढीची फॅशन आहे का?

'हल्लीच्या लोकांना कष्ट नकोत' ही टीका अमेरिकेतही होते. पण सणाचा पक्षी दुसऱ्याकडून शिजवून घेणं टर्कीच्या जाहिरातींपेक्षा खूप जुनं आहे.

चार्ल्स डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' ही कादंबरी १८४३ ची. त्यातल्या गरीब क्रॅचिट कुटुंबाचा ख्रिसमसचा हंस घरात भाजला जात नाही, तो बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजला जातो. ही काही कादंबरीतली कल्पना नव्हती. लंडनमधल्या गरिबांच्या घरात मोठी भट्टी नसायची. रविवारी आणि ख्रिसमसला बेकरीवाल्यांना पाव भाजायला बंदी होती, पण तापलेली भट्टी रिकामी असायची. लोक आपलं भांडं घेऊन जायचे आणि चार पैसे देऊन जेवण भाजून आणायचे.

त्यावरूनही वाद झाला होता. १८३० च्या दशकात अँड्र्यू अॅग्न्यू या खासदारानं रविवारी कामधंदे बंद ठेवायची विधेयकं ब्रिटिश संसदेत वारंवार मांडली. डिकन्सनं १८३६ मध्ये पुस्तिका लिहून त्याला विरोध केला. त्याचं म्हणणं असं, की श्रीमंतांच्या घरी नोकर रविवारीही राबतील, गरिबाचं आठवड्यातलं एकमेव गरम जेवण मात्र बंद होईल. एका बाजूला बेकरीवाल्याची सुट्टी, दुसऱ्या बाजूला गरिबाचं ताट.

ही पद्धत आपल्यालाही अनोळखी नाही. गोव्यात आणि मुंबईत ख्रिसमसच्या आधी घरी केकचं मिश्रण करून साचे गल्लीतल्या बेकरीत भाजायला नेणारी कुटुंबं होती, काही ठिकाणी अजूनही आहेत. मुंबईतली मोठी हॉटेलं आता ख्रिसमसला भाजलेल्या टर्कीची ऑर्डरही घेतात. भारतानं २०२३ मध्ये अमेरिकेबरोबरच्या समझोत्यात गोठवलेल्या टर्कीवरचं आयात शुल्क कमी करायचं मान्य केलं, पण आपल्याकडे तिचे गिऱ्हाईक अजून मोजकेच आहेत.

मग गुरुवारी काम कोण करतं?

अमेरिकेत खासगी कंपनीनं थँक्सगिव्हिंगला सुट्टी दिलीच पाहिजे, असा केंद्रीय कायदा नाही. त्या दिवशी काम केलं म्हणून जादा पगार द्यायचीही केंद्रीय सक्ती नाही. राज्यं आणि कंपन्या आपापलं ठरवतात. मॅसॅच्युसेट्स, मेन आणि ऱ्होड आयलंड या राज्यांत जुन्या कायद्यांमुळे त्या दिवशी मोठी सुपरमार्केट्स बंद असतात. वॉलमार्ट २०२० पासून दरवर्षी थँक्सगिव्हिंगला दुकानं बंद ठेवते. अनेक रेस्टॉरंट्स मात्र उघडी असतात.

या चित्रात गार टर्की आणि गरम टर्की यांच्यातला फरक महत्त्वाचा ठरतो. गार टर्की सोमवार-मंगळवारी शिजते आणि बुधवारी घरी जाते. भटारखान्यातल्या माणसाला आठवडाभर पिळून निघावं लागतं, पण गुरुवारी त्याला घरी बसता येऊ शकतं. गुरुवारी दुपारी गरम टर्की हवी असेल तर कोणीतरी गुरुवारी पहाटे ओव्हनसमोर उभं असतं. त्याच्या घरीही थँक्सगिव्हिंग असतंच.

म्हणून विकत घेणाऱ्याच्या हातात एवढं तरी आहे. ऑर्डर लवकर द्यायची, शक्यतो आदल्या दिवशी उचलायची आणि शेवटचे दोन तास आपल्या ओव्हनला द्यायचे. घरातल्या बाईचे चार दिवस वाचतात आणि दुसऱ्या कोणाचा गुरुवारही जात नाही.

महाराष्ट्रात हा हिशोब समजायला टर्कीची गरज नाही. दिवाळीचा फराळ बाहेरून घेणं आता घरोघरी चालतं. पुण्या-मुंबईतून तो कुरिअरनं अमेरिकेतही जातो. चकली आणि लाडू टिकतात, त्यामुळे ऑर्डरचं काम दिवाळीच्या आधी उरकता येतं. उकडीच्या मोदकांचं तसं नाही. ते गणेश चतुर्थीच्या सकाळीच ताजे हवे असतात. त्या सकाळी एकवीस मोदकांचा डबा वेळेवर आपल्या दारात येतो, तेव्हा तो भरून देणाऱ्या मावशींच्या घरचा गणपती बहुतेक वेळा त्यांची वाट बघत असतो.