किती चालावे, मास्तर?

गेल्या श्रावणात सेलूला जाण्यासाठी देवगाव फाट्यावर उतरलो. मंठ्याकडून जिंतूरला जाणाऱ्या रस्त्याला सेलूचा रस्ता जिथे फुटतो, तोच हा फाटा. पुढची एस. टी. यायला अवकाश होता, म्हणून समोरच्या दुकानाच्या बाकावर टेकलो. इतक्यात गल्ल्यावरचे शेठ धापा टाकीत उठले आणि माझ्या पायाशी वाकू लागले. पोट मध्ये आल्यामुळे त्यांचे वाकणे अर्ध्यावरच राहिले.

"मास्तर, ओळखलं नाही का? कबड्डीच्या संघात होतो मी तुमच्या!"

ओळखले, पण कष्टाने. तीस वर्षांपूर्वी हरणासारखा पळणारा तो पोरगा या देहात कुठेतरी दडून बसला होता.

चहा आला. शेठनी आपला बिनसाखरेचा मागवला आणि मग गाऱ्हाणे सुरू केले. रक्तात साखर सापडली होती. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या घ्या, वजन उतरवा, व्यायाम करा." किती करायचा, ते विचारायचे राहून गेले. गृहस्थांनी दुसऱ्याच दिवशी पहाटे दोन मैल धाव घेतली. गुडघे सुजले, आठ दिवस अंथरूण धरले आणि व्यायाम संपला!

"हसू नका मास्तर," ते हळूच म्हणाले. "वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकारानं गेले. मला अठ्ठेचाळिसावं चालू आहे. थोरलीचं लग्न व्हायचंय. खरं सांगा, किती चालू?"

वाचकहो, या प्रश्नाला हसण्यासारखे काही नव्हते. म्हणून त्यांना जे सांगितले, तेच आज दिवाळीच्या फराळाबरोबर आपल्यापुढे ठेवतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली घालून दिलेले प्रमाण असे, की प्रौढ माणसाने आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. धावण्यासारखा जोरकस व्यायाम असेल तर 75 ते 150 मिनिटे पुरेत. शिवाय दोन दिवस तरी स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. म्हणजे रोज अर्धा तास भरभर चालणे, ही झाली प्रकृतीची किमान पट्टी. मध्यम श्रम ओळखायचे कसे? चालताना सोबत्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये!

आपल्या लोकांना मात्र ही किमान पट्टी थोडी आखूड पडते. भारतीय तज्ज्ञांनी 2012 साली रोज एकूण एक तासाची शिफारस केली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 साली आपल्या दोघांचेच मजेदार उदाहरण छापले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. पण इंग्रजाच्या अंगात चरबी 9.1 टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या अंगात 21.2 टक्के! तेव्हा "मी कुठे जाड आहे?" असे म्हणणाऱ्या सडपातळ वाचकांनीही निश्चिंत राहू नये.

आता वजनाचे. साठ किलोच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून सुमारे शंभर उष्मांक खर्च होतात. एका बऱ्यापैकी बेसनलाडवात दीड-दोनशे असतात. एक किलो चरबीत, ढोबळ हिशेबाने, 7700. नुसत्या अर्ध्या तासाने किलोभर उतरायला अडीच महिने लागतील, तेही ताटात काही वाढले नाही तर! म्हणून वजन उतरवायचे असेल त्याने चालणे हळूहळू पाऊण ते एक तासावर न्यावे आणि ताटातलाही एक घास कमी करावा. प्रकृती चालण्याने सुधारते, वजन मात्र चालणे आणि जेवणे दोन्ही मिळून उतरते.

आमचे हे बोलणे चालले असता, खुरपणीला निघालेल्या दोन बाया सावलीला उभ्या होत्या. त्यांतली एक पदर तोंडाला लावून म्हणाली, "आता चालायचं बी शिकवावं लागतं व्हय?"

तिचा टोमणा खोटा नव्हता. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईला तासभर फेरफटका सांगणे ही थट्टाच. तिला हवी विश्रांती आणि पोटभर सकस अन्न. व्यायामाचा हिशेब ज्याचा त्याचा वेगळा. लंडनच्या दुमजली बसगाड्यांवरील नोकरांची जेरी मॉरिस यांनी केलेली पाहणी 1953 साली प्रसिद्ध झाली. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांत, बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी आढळला. गाडी एकच, पगार देणारा एकच. फरक मुख्यतः बैठकीचा! आमचे शेठ गल्ल्यावर दहा तास बसत. त्यांचे दुखणे त्या गादीत होते.

मग जाण्यापूर्वी त्यांना क्रम आखून दिला. आधी डॉक्टरांना छाती दाखवायची. पहिला आठवडा रोज दहाच मिनिटे. मग दर आठवड्याला पाच-पाच मिनिटांची वाढ. दोन्ही जेवणांनंतर दहा मिनिटे शतपावली, कारण जेवणानंतर चढणारी साखर तिने आटोक्यात राहते. एक दिवसाआड बेताच्या बैठका आणि भिंतीवर हात टेकून जोर. छातीत दुखले, घेरी आली की तिथेच थांबायचे आणि दवाखाना गाठायचा. आणि हमरस्त्याने अंधारात मुळीच चालायचे नाही. मालमोटारींना आपली साखर ठाऊक नसते! गावाकडचा रस्ता धरावा, आणि उन्हाळ्यात सूर्य वर येण्याआधी परतावे.

परवा त्यांचा फोन आला. चालणे पंचेचाळीस मिनिटांवर गेले आहे. वजन तीन किलोंनी कमी, साखरही उतरली. गोळ्या मात्र डॉक्टर सांगतील तोवर चालूच. पत्नीही सोबत निघते. "पण मास्तर," शेठ म्हणाले, "दिवाळीत लाडवाचं काय करू?"

"एक खा," मी म्हटले, "आणि तो गल्ल्यावर बसून खाऊ नको."