विचारून तर पाहा!

पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला पर्यावरण हा शब्द कुणी शिकवावा लागला नाही. उधाणाच्या भरतीत बांधाला खांड गेली, की खारे पाणी भातशेतीत शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन रुसून बसते, हे त्याला बापजाद्यांपासून ठाऊक आहे. म्हणूनच ‘खांड गेली’ अशी हाक आली, की अपरात्रीही सारा गाव बांधावर धावतो.

हाच माणूस २००६ नंतर महामुंबई सेझविरुद्ध रस्त्यावर उतरला, तेव्हा मात्र ‘विकासविरोधी’ ठरला! पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतल्या जमिनी एका खासगी कंपनीसाठी घ्यायला सरकार निघाले होते. तेही इंग्रजांनी केलेल्या १८९४ च्या कायद्याने. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखे कार्यकर्ते शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत सरकारलाच शेतकऱ्यांचे मत घ्यावे लागले. त्याचा निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही. पण कौल काय होता, ते गावागावाला ठाऊक होते. पुढे २००९ मध्ये मुदत संपून भूसंपादन बारगळले.

रोह्याचे दुखणे वेगळे. धाटावच्या रासायनिक कारखान्यांनी अनेक घरांची चूल पेटवली, हे नाकारून चालणार नाही. पण कुंडलिकेचे नाव प्रदूषित नद्यांच्या यादीत गेले, हेही तितकेच खरे. ज्याचा मुलगा कारखान्यात आहे, त्याने नदीविषयी बोलावे तरी कसे?

तोंड बंद करायला दरवेळी लाठीच लागते असे नाही. जमावबंदीचा हुकूम, मोर्चाआधीची नोटीस, रोजंदारी बुडवून मारावे लागणारे कोर्टाचे हेलपाटे एवढे पुरते. त्यात जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. नक्षलवादाच्या बंदोबस्ताला कोण नाही म्हणेल? पण त्यातल्या ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येत कायद्याच्या अवज्ञेला उत्तेजन देणेही बसते. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहींनी दुसरे काय केले होते? गोळीबारात पडलेल्या त्या माणसांना आज आपण हुतात्मे म्हणून मानवंदना देतो.

पेणच्या २२ गावांना एकदा विचारले, तेव्हा आभाळ कोसळले नाही. मग इतरांना विचारायला भीती कसली? खांड गेल्याची हाक देणाऱ्याचे तोंड दाबले, म्हणून भरती काही थांबत नाही.