चिघळची भाजी, ज्वारीची भाकरी
मे महिन्यात सोलापूरचा पारा 43 अंशांवर गेला की गॅसपुढं जितकं कमी थांबावं तितकं बरं. सकाळी लक्ष्मी मार्केटात खेड्यांतल्या बायका गोणपाटावर कोवळी काकडी, पातीचा कांदा, कैऱ्या आणि चिघळ मांडून बसतात. चिघळचे लालसर देठ मातीसाठी दोन-तीनदा धुवायचे, पाल्यासकट चिरायचे. लसणाची फोडणी, भिजवलेली मूगडाळ, आणि भाजी पंधरा मिनिटांत तयार. पाणी अगदी बेतानंच, पाला स्वतःच भरपूर सोडतो. सोबत मंगळवेढ्याच्या मालदांडीची भाकरी (2016 साली या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, ते रास्तच), शेंगा चटणी, ताक. एवढ्यावर दुपार निभते. चिघळ मात्र फ्रिजात साठवू नका, आणली त्याच दिवशी शिजवा.